दुसरी अमरावती

माझ्या धंद्यात दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. एक, ‘एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?’ आणि दुसरं, ‘व्हायरस तर तुम्हीच टाकता.’ पहिल्याचं मला काही वाटत नाही. मी स्वतः कोथिंबिरीच्या जुडीसाठीही घासाघीस करणारा माणूस आहे, तेव्हा समोरच्यानं केली तर मला बरंच वाटतं. दुसरं वाक्य मात्र माझ्या डोक्यात जातं. अमरावतीच्या राजापेठेत माझं दुकान आहे, तिथं हे वाक्य बोलून गेलेली माणसं पुन्हा त्या फुटपाथवरून चालत नाहीत, पलीकडून जातात.

तरीही अकोल्याच्या जठारपेठेत, एका घरात, परक्या लोकांसमोर मी हे वाक्य ऐकून घेतलं आणि मान खाली घालून परत आलो. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. ज्यांचं ते घर, ते गुरुजी आता नाहीत. ज्यांच्यासाठी मी तोंड बंद ठेवलं होतं, त्यांनीच आता ‘लिहा’ म्हटलं. नावं बदलली आहेत, बाकी झालं तसं सांगतो.

आधी काम काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घरच्या कॉम्प्युटरमध्ये काही हत्यारं आधीपासूनच असतात. एक खिडकी अशी असते की ती उघडली की आत या क्षणी कोण कोण काम करतंय ते दिसतं, आणि नको त्याला हाकलता येतं. एक जागा अशी असते की तिथं कॉम्प्युटरचे सगळे नियम लिहिलेले असतात. एक काळी खिडकी असते, तिच्यात थेट हुकूम द्यायचे. ही हत्यारं कधी कधी उघडतच नाहीत. क्लिक केलं की पाटी येते : ‘प्रशासकाने हे बंद केले आहे.’ घरातले लोक एकमेकांकडे पाहतात, की आपल्या घरात हा प्रशासक कोण?

बहुतेक वेळा तो व्हायरस असतो. आपल्याकडे चोर एखाद्या घरात शिरण्याआधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावतो ना, तसं. व्हायरस आत आला की पहिल्यांदा आपल्याला पकडणारी हत्यारं बंद करतो. मग माझ्यासारख्यानं जायचं, पेन ड्राइव्हवरून दुसऱ्याच वाटेनं आत शिरायचं, चोर काढायचा आणि एकेक कडी सोडायची. एकदा आमच्याच राजापेठेतल्या एका शिकवणीच्या सरांच्या घरी मी अख्खी दुपार व्हायरस शोधला. शेवटी कळलं की कड्या सरांच्या बायकोनं लावून घेतल्या होत्या. सर पेपर तपासायला बसतो म्हणायचे आणि पत्ते खेळायचे. पण तो हसण्यावारी नेण्याचा प्रकार होता.

मी मूळचा चांदूर रेल्वेचा. घरी शेती, भाऊ ती करतो. मी अमरावतीत दुसऱ्याच्या दुकानात बंद पडलेले टीव्ही उघडून शिकलो. मालकानं मला काही शिकवलं नाही. शिकवलं तर हा समोर दुकान टाकेल अशी त्याला भीती होती, आणि ती खरी ठरली.

गुरुजींची ओळख माझ्या मुलीच्या, पूजाच्या, लग्नामुळे झाली. मुलाकडचे लोक अकोल्याचे. त्यांचं म्हणणं एकच, पत्रिका जठारपेठेतल्या गुरुजींनी जुळवली तरच पुढचं बोलू. त्याआधी अमरावतीतल्या एका ज्योतिषानं पूजाला मंगळ सांगितला होता. मंगळाच्या मुलीचा नवरा टिकत नाही असं आपल्याकडे मानतात, त्यामुळे चांगली स्थळं हातची गेली होती. गुरुजींनी मात्र पत्रिका कॉम्प्युटरवर काढली, कागद चष्म्याजवळ धरला आणि म्हणाले, “मंगळ नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?” मी तो कागद घेऊन अमरावतीला आलो आणि त्या ज्योतिषाच्या दारात उभा राहून त्याची अशी खरडपट्टी काढली, की राजापेठेतले दुकानदार शटर अर्धं टाकून पाहायला आले.

तेव्हापासून गुरुजींचा कॉम्प्युटर माझ्याकडे. गुरुजी माणूस कडक. एका शब्दाला चार शब्द न लावणारा. यजमान कितीही मोठा असो, पत्रिकेत जे दिसेल ते तोंडावर सांगायचे. बुलढाण्यापासून यवतमाळपर्यंतचे लोक त्यांच्या ओट्यावर बसलेले असायचे. आत टाइप करायला त्यांची मोठी मुलगी, शैलाताई. चाळिशी ओलांडलेली, लग्न झालेलं नाही. गुरुजी जन्माची तारीख, वेळ, गाव सांगायचे, ती टाइप करायची, कागद बाहेर यायचा. तिचा आवाज मी तोवर क्वचितच ऐकला होता.

एक दिवस तिचाच फोन आला. “भाऊ, कॉम्प्युटरले काहीतरी झालं. बाबांचा जीव खाली-वर होऊन राहिला. तुमीच या.”

गुरुजींच्या पुण्यातल्या पुतण्यानं पत्रिकेचा नवा प्रोग्रॅम पाठवला होता. जुना नव्या प्रिंटरवर चालत नव्हता. नवा टाकायला गेलं की पाटी : ‘प्रशासकाने हे बंद केले आहे.’ मी बसलो. काम करणाऱ्यांची खिडकी बंद. नियमांची जागा बंद. काळी खिडकी बंद. ओट्यावर तीन-चार यजमान बसले होते, तेही दारातून वाकून पाहायला लागले.

मी माझा पेन ड्राइव्ह लावला, दुसऱ्या वाटेनं आत गेलो आणि सगळं चाळलं. व्हायरस नाही. एकही नाही. आणि आणखी एक गोष्ट मला खटकली. व्हायरस आंधळा असतो, दिसेल ते बंद करतो. इथं निवडून बंद केलं होतं. लिहायचं चालू, हिशेबाचं चालू, छापायचं चालू. फक्त ज्या वाटेनं कोणी आतलं काही बदलू शकेल, तेवढ्याच वाटा बंद. आणि एक लपवलेलं खातं होतं, सुरुवातीच्या पडद्यावर न दिसणारं. खरा प्रशासक तो. गुरुजींना त्यानं साध्या पाहुण्यासारखं करून ठेवलं होतं.

“गुरुजी,” मी म्हटलं, “हा व्हायरस नाही. हे माणसाचं काम आहे. घरातल्याच कोणाचं तरी.”

हे मी जरा मोठ्यानं बोललो. माझा आवाजच तसा आहे. गुरुजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी तिथल्या तिथं पुतण्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पुतण्या शांतपणे म्हणाला, “काका, लोकल माणसं असंच करतात हो. आधी स्वतः लॉक करून ठेवायचं आणि मग उघडायला बोलवा म्हणायचं. मागच्या वेळी कोण आलं होतं?”

“हेच आले होते,” गुरुजी माझ्याकडे पाहत म्हणाले.

ओट्यावरचा एक पागोटंवाला म्हातारा म्हणाला, “अस्सं हाय व्हय!”

माझ्या कानात शिट्टी वाजली. मी उठलो आणि म्हणालो, “गुरुजी, तुमी वयानं मोठे आहा म्हणून ऐकून राहिलो. त्या पुण्यावाल्याले सांगा, फोन ठेव. अन् तुमी बसा इथं. आत्ता, तुमच्या डोळ्यासमोर हे खातं फोडतो, कोणी बनवलं, कवा बनवलं, सगळं बाहेर काढतो. माझं नाव निघालं तर दुकानाले कुलूप लावतो!”

“काढा,” गुरुजी म्हणाले. “मला एका घरी सत्यनारायणाला जायचं आहे. परत येईन तेव्हा सांगा. नसेल होत तर होत नाही म्हणून सांगा, मी दुसरा माणूस बोलावतो.” उपरणं झटकून ते गेले. यजमानही पांगले. मी खुर्ची ओढली आणि ते खातं फोडायला घेतलं.

तेवढ्यात पडदा काळा झाला. मला वाटलं लाईट गेली. मागे वळून पाहिलं तर शैलाताई भिंतीपाशी उभी. तिनं बटण बंद केलं होतं आणि हात अजून बटणावरच होता.

“भाऊ, नका फोडू,” ती म्हणाली. “ते मीच केलं.”

मला आधी कळलंच नाही. ही बाई, जी चहा ठेवून न बोलता आत जायची, तिनं हे केलं? मी विचारलं, कुठं शिकल्या? म्हणाली, मोबाइलवर व्हिडिओ पाहून, हिंदीत एक पोट्टा सांगतो. ज्या कामाला मला उभं आयुष्य लागलं, ते ही बाई डाळ शिजेपर्यंतच्या वेळात शिकली होती. तो पहिला धक्का.

“काहून पण? घरच्या माणसापासून काय लपवून राहिली तुमी?”

तिनं बटण चालू केलं, लपवलेल्या खात्यात शिरली आणि पत्रिकेचा जुना प्रोग्रॅम उघडला. पत्रिकेला तारीख आणि वेळेबरोबर गाव लागतं, कारण सूर्य प्रत्येक गावी वेगळ्या वेळी उगवतो. गाव निवडलं की प्रोग्रॅम त्याचे अक्षांश-रेखांश स्वतः घेतो. आपल्या वऱ्हाडातली लहान खेडी त्यात नसतात, म्हणून ती हातानं घालायची सोय असते. शैलाताईनं कितीतरी खेडी घातली होती. तिनं यादी खाली सरकवली आणि एका ठिकाणी थांबली.

अकोला. त्याखाली पुन्हा अकोला. त्याखाली आणखी एक.

“पहिला खरा,” ती म्हणाली. “दुसरा पाहा.”

मी दुसऱ्याचे रेखांश पाहिले. ते गाव ब्रह्मदेशात निघालं. तिसरा अकोला अरबी समुद्राच्या मध्ये.

“मुलीले मंगळ दिसला की मी दुसरा अकोला निवडते,” ती म्हणाली. “मंगळ सरकतो. नाही सरकला तर तिसरा. कागदावर फक्त अकोला छापून येते. तारीख खरी, वेळ खरी, गावाचं नाव खरं. बाबा कागद पाहतात, कागदावर खोटं काहीच नसते.”

मी खुर्चीत मागे टेकलो. वऱ्हाडातल्या अर्ध्या घरांनी ज्या माणसाच्या शब्दावर मुली दिल्या, सुना आणल्या, त्या माणसाच्या पाठीमागे बसून त्याची मुलगी शहरं उचलून समुद्रात नेऊन ठेवत होती. आणि नवा प्रोग्रॅम आला असता, तर तो ही यादी पुसूनच आला असता. कोणी यादी पाहिली असती, तर सगळंच उघडं. म्हणून त्या कड्या.

“गुरुजींना कळलं तर जीव जाईल त्यांचा.”

“माहीत आहे.” मग थांबून म्हणाली, “माझी पत्रिका बाबांनी स्वतः हातानं मांडली. अन् येईल त्या स्थळाले स्वतःच सांगितलं, कडक मंगळ आहे. समोरचे विचारायच्या आधी. खोटं बोलत नाहीत न ते.”

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हटलं, “फक्त अकोलाच केला का असा?”

“नाही. अमरावतीही दोन आहेत.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “दुसरी अमरावती पहिल्यांदा कोणासाठी केली, तुमाले माहीत नाही का, भाऊ?”

तो कागद माझ्या डोळ्यांसमोर आला, जो मी राजापेठेत नाचवला होता. ज्या ज्योतिषाला मी लुच्चा म्हटलं, तो बरोबर होता. माझ्या पोरीला मंगळ होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन लेकरं झाली. मी मंगळ मानतो की नाही, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता, आणि त्या क्षणी उत्तर मिळालं. मी खिशातून फोन काढला आणि पूजाला लावला.

“जावईबापू कसे आहेत?”

“बरे आहेत. काहून?”

“म्हणजे आत्ता, या टायमाले, कसे आहेत?”

“आत्ता भजी खाऊन राहिले. बाबा, तुमाले काय झालं?”

फोन ठेवला. शैलाताई तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणीही होतं.

मग मी जे मला येतं ते केलं. सौदा. म्हटलं, ताई, मी तुमचं नाव घेत नाही, पण हे आजपासून बंद. त्या यादीतली जास्तीची गावं पुसा. ती म्हणाली, नाही. म्हटलं, निदान नवीन पत्रिकांना करू नका. नाही. म्हटलं, एखाद्या अडल्या-नडल्या मुलीसाठी करा, सगळ्यांसाठी नको. तर ती म्हणाली, “भाऊ, अडली-नडली कोण हे कोण ठरवेल? तुमच्या पूजाचं जमलं. आता बाकीच्यांच्या पोरींसाठी दरवाजा लावून घ्या म्हणता?”

ठोक बाजारातले व्यापारी माझ्यापुढे घाम पुसतात. त्या बाईनं मला एक पाऊलही पुढं येऊ दिलं नाही. आणि गुरुजी कोणत्याही क्षणी परत येणार होते. मी उघडून दिलं, तर माझं नाव साफ होत होतं आणि हिचं सगळं संपत होतं, पूजाच्या घरापर्यंत धूर जात होता. नाही उघडलं, तर दुसरा माणूस येणार आणि तो तासाभरात सगळं बाहेर काढणार. कारण शैलाताईच्या कड्या तशा कच्च्या होत्या. मी पेन ड्राइव्हवरून आत शिरलो होतो, तसा कोणीही शिरला असता.

“सरका,” मी म्हटलं. आणि बसून मी त्या कॉम्प्युटरला अशा कड्या लावल्या, जशा आयुष्यात कोणाच्या मशीनला लावल्या नाहीत. पेन ड्राइव्हची वाट बंद केली. सुरुवातीलाच पासवर्ड घातला, तो शैलाताईला सांगितला. डिस्कलाही कुलूप घातलं, म्हणजे ती कोणी काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी उपयोग नाही. जुना प्रोग्रॅम नव्या प्रिंटरवर छापेल एवढं जमवलं. इतकं सुबक काम मी पुन्हा केलेलं नाही, आणि ते कोणाला दाखवता येत नाही.

गुरुजी आले. त्यांच्या मागोमाग तो पागोटंवाला म्हाताराही, तमाशा पाहायला.

“निघालं का नाव?”

“नाही, गुरुजी. छापायचं चालू करून दिलं. बाकी नाही उघडत. अन् एक सांगतो, हे जबरदस्तीनं उघडलं तर आतल्या जुन्या पत्रिका सगळ्या जातील. कोणाले हात लावू देऊ नका. पुतण्यालेही नाही.”

गुरुजी घाबरले. इतक्या वर्षांच्या पत्रिका होत्या त्या. त्यांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला, देवावर ठेवतात तसा. मग मला म्हणाले, “म्हणजे तुम्हाला येत नाही.”

हे वाक्य मला कोणी म्हटलेलं नाही. माझ्या बापानंही नाही.

“नाही येत,” मी म्हटलं.

“मग ती सगळी आरडाओरड कशाला केली? आधी म्हणाला असता. स्वतःच बिघडवायचं आणि निस्तरताही येत नाही.” म्हातारा हसला. मी पिशवी उचलली. शैलाताई आतल्या दारात उभी होती, तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोललो असतो.

त्यानंतर जठारपेठेतलं एकही काम माझ्याकडे आलं नाही. गुरुजींचा शब्द तिथं मोठा होता, तो त्यांनी माझ्याविरुद्ध मोकळेपणानं वापरला. मी आजही या गोष्टीवर चिडतो. कुठं लग्नकार्यात अकोल्याचा माणूस भेटला आणि म्हणाला, ‘तुम्हीच का ते, गुरुजींचा कॉम्प्युटर न जमलेले?’ की माझं जेवण होत नाही. पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलं.

मी तसाच पूजाच्या घरी गेलो. जावईबापू खरोखरच धडधाकट, हातात भज्यांची ताटली. मी त्यांच्याकडे इतका वेळ पाहत राहिलो, की ते स्वतःच्या शर्टाकडे पाहायला लागले. मग पूजा मला स्कूटीवरून स्टेशनवर सोडायला निघाली. वाटेत एका झाडाखाली मी तिला गाडी थांबवायला लावली आणि सगळं सांगितलं. दुसरी अमरावती, मंगळ, कड्या. म्हटलं, पोरी, तुले धक्का बसेल, पण तुले मंगळ आहे.

“माहीत आहे न,” ती म्हणाली. “सगळ्या राजापेठेले माहीत आहे. तुमीच तर त्या ज्योतिषाच्या दारात ‘माझ्या पोरीले मंगळ नाही’ म्हणून ओरडले. ज्याले माहीत नव्हतं त्यालेही कळलं.”

“अन् शैलाताईनं केलं ते?”

“तेही माहीत आहे. ताई वेळ बदलणार होती. मी म्हटलं, वेळ कागदावर छापून येते, गुरुजी पकडतील. गाव बदला. खेडी हातानं घालता तशी दुसरी अमरावती घाला. दुकानात तुमच्याजवळ बसून एवढंही शिकले नाही का मी?”

मी झाडाला हात टेकला. ही माझी पोरगी. पत्रिका पाहायच्या दिवशी ‘मी आत ताईजवळ बसते’ म्हणून निघून गेली होती, आणि मी बाहेर ओट्यावर गुरुजींशी दक्षिणेची घासाघीस करत होतो.

“तुले भीती नाही वाटली? जावयाची?”

“पयले दोन वर्सं वाटली. तुमच्या जावयाले सर्दी झाली तरी मी रात्रभर जागी राहो. मग एक दिवस सांगून टाकलं याईले. तर म्हणाले, मग माझ्या भज्यांत तेल कमी टाकत जा.” ती हसली. मग म्हणाली, “बाबा, आज ताईनं तुमाले बोलावलं न, ते मीच सांगितलं होतं. गुरुजी गल्लीतल्याच कोणाले तरी आणून राहिले होते. मी ताईले म्हटलं, माझ्या बाबाले बोलवा. ते ओरडतील, भांडतील, सगळी आळी गोळा करतील. पण उघडून देणार नाहीत.”

स्टेशन येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. पूजा म्हणते, तिच्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.